नवं काय वाचू, नवं काय ऐकू? खान्देशातल्या एका वाचनालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं वाचनालय आहे. देवघेवीच्या टेबलावर मी बसतो. संध्याकाळी पाच ते आठ लोक पुस्तक बदलायला येतात आणि जाता जाता काहीतरी विचारतात. तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं येतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. पूर्वी फक्त पुस्तकांबद्दल विचारायचे, आता निम्मे प्रश्न गाण्यांचे असतात.

"भाऊ, काही नवं शे का?"

हा रोजचा प्रश्न आहे आणि त्याला माझा उलट प्रश्नही रोजचाच: शेवटचं आवडलेलं पुस्तक कोणतं? नाव आठवत नसेल तर कोणाचं? बहुतेक लोक इथेच अडतात. पुस्तकाची गोष्ट सांगतात, कव्हरचा रंग सांगतात, लेखकाचं नाव मात्र सांगता येत नाही. गाण्याचं तर विचारूच नका. चाल गुणगुणून दाखवतात.

नवं शोधायची माझी एकच पद्धत आहे. जे आवडलं ते कोणी केलं, त्या नावाच्या मागे लागायचं. एका नावापाशी गेलं की तिथे दुसरी चार नावं उभी असतात.

म्हणजे नेमकं कसं? एखादं उदाहरण द्या.

'जैत रे जैत' घ्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने त्यातलं एखादं तरी गाणं ऐकलेलं असतं. चित्रपट १९७७ चा, जब्बार पटेलांचा. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, म्हणजे गाणं आवडलं म्हणून आलेल्या माणसाच्या हातात एक कादंबरी पडली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, तो एक रस्ता. गाणी ना. धों. महानोरांची, आणि हा रस्ता तर आपल्या दारावरून जातो. महानोरांचं पळासखेडं अजिंठ्याच्या डोंगराजवळ आहे. सरकारी नकाशात ते जळगाव जिल्ह्यात येत नाही, पण जळगावचे लोक त्यांना आपलंच मानतात आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. त्यांच्या 'रानातल्या कविता' १९६७ सालच्या, म्हणजे चित्रपटाच्या दहा वर्षं आधीच्या. गाण्यातलं रान आधी कवितेत होतं, ते तिथे सापडतं.

मागे एक मुलगी फक्त गाण्याचे शब्द लिहून घ्यायला आली होती. दोन महिन्यांत ती दांडेकरांच्या तिसऱ्या कादंबरीवर होती. मी काहीच केलं नाही, फक्त चार नावं चिठ्ठीवर लिहून दिली.

ही नावं मिळतात कुठे?

पुस्तकात शीर्षकाच्या पानामागे. ते पान कोणी वाचत नाही. पहिली आवृत्ती कधीची, प्रकाशक कोण, मुखपृष्ठ कोणाचं, अनुवाद असेल तर मूळ भाषा कोणती, सगळं तिथे असतं. अर्पणपत्रिका आणि मनोगतही सोडू नका, कारण लेखक स्वतः कोणाला वाचत वाढला ते बहुतेक वेळा तिथेच सांगून टाकतो.

जुन्या मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ मी रोज उघडतो. गीत, संगीत, स्वर, चित्रपट अशी सरळ माहिती मिळते. 'अरे संसार संसार' शोधलंत तर शब्द बहिणाबाईंचे, संगीत वसंत पवारांचं, स्वर सुमन कल्याणपूरांचा, चित्रपट 'मानिनी', १९६१. आता वसंत पवारांवर बोट ठेवा. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'चं संगीतही त्यांचंच. शेतातल्या ओवीवरून निघालेला माणूस दोन मिनिटांत फडातल्या लावणीपाशी पोहोचतो.

नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' नेली होती. पन्नास पानांत परत केली. माझंच काही चुकलं का?

नाही. पण का परत केली ते सांगा, कारण तीन प्रकारचे लोक 'कोसला' परत करतात.

काहींना गोष्ट हवी असते. त्यांना मी थांबवत नाही. काहींना ती 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ची भाषा खटकते. त्यांना सांगतो, घरी मोठ्याने दोन पानं वाचा. आपला एखादा चुलतभाऊ पुण्याहून सुट्टीत येऊन ओट्यावर जसा बोलतो तसं ऐकू येतं. तिसऱ्या प्रकारचे लोक अकरावीत, कोणीतरी 'फार भारी' म्हटलं म्हणून घेतात. त्यांनी ठेवून द्यावी आणि गावाबाहेर खोली करून दोन वर्षं राहिल्यावर उघडावी.

भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, जन्म १९३८ चा. 'कोसला' १९६३ ची, म्हणजे लेखक पंचविशीतला. नायकाचं आडनावच सांगवीकर. ज्यांना 'कोसला' जमली त्यांना मी पुढे चांगदेव पाटील या प्राध्यापक नायकाच्या चार कादंबऱ्या देतो: 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे दोन सभासद 'झूल' वाचून एवढे हसले की टेबलाशी येऊन उतारे वाचून दाखवायला लागले. 'हिंदू' २०१० ची, जाडजूड. ती सुट्टी लागल्यावरच न्या, सात दिवसांत परत करायची घाई नको.

माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या माणसाला नेमाडे वाचताना एक फायदा मिळतो आणि एक तोटा होतो. फायदा हा की केळीचा मळा, घरची भांडणं, बोलण्यातला तिरकेपणा समजावून घ्यावा लागत नाही. तोटा हा की आपण सगळा वेळ 'हा अमक्या गावचा तमका तर नाही?' हेच शोधत बसतो.

बहिणाबाईंची भाषा अहिराणीच ना?

हा प्रश्न शिक्षकसुद्धा विचारतात. नाही. बहिणाबाई असोद्याच्या, जळगावात नांदल्या. त्यांची भाषा त्या पट्ट्यातली लेवा गणबोली. अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगाव, साक्री, बागलाण या बाजूला. रोजचं वाक्य घ्या. 'मला'ला लेवा गणबोलीत 'मले' आणि अहिराणीत 'माले'. 'काय करतो आहेस?' याला एकीकडे 'काय करू राह्यला?' तर दुसरीकडे 'काय करी राहिना?' ऐकणाऱ्याला जवळचं वाटतं, बोलणाऱ्याला नाही.

खान्देशात आणखी गुजरी, भिली, पावरी, मावची अशा बोली आहेत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या शीर्षकाखाली १८ लाखांहून जास्त लोक मोजले गेले, आणि त्यात अहिराणी आली. ही विभागणी माहीत असली तर शोधताना उपयोग होतो. अहिराणी कवी हवा असेल तर बहिणाबाईंच्या शेजारच्या फळीवर शोधू नका.

शब्द अडला तर डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश आमच्याकडे आहे, संदर्भ विभागात, घरी नेता येत नाही. सुधीर देवरेंनी संपादित केलेलं 'ढोल' हे अहिराणीतलं नियतकालिक. त्याचा एखादा अंक कुठे हाती लागला तर सोडू नका.

आपल्या भागातले नवीन लिहिणारे कसे कळणार? वर्तमानपत्रात तर पुण्या-मुंबईचीच नावं.

नियतकालिकांतून. नवा कवी पुस्तकात येण्याआधी पाच-सात वर्षं तिथे असतो. धुळ्याहून 'कविता-रती' निघतं. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक धुळ्यासारख्या शहरातून चालवायचं, यात किती पोस्टाची तिकिटं आणि किती उधारी गेली असेल याचा विचार मी अंक लावताना करतो. नामदेव कोळींचा 'वाघूर' हा दिवाळी अंक जळगाव भागातून निघतो. दिवाळी अंकाची मराठीत प्रथा १९०९ च्या 'मनोरंजन'पासून, पण आमच्या सभासदांना अजून अंकातली पाककृतीच आधी हवी असते. हरकत नाही. पाककृती वाचून झाली की अनुक्रमणिका उघडा आणि तुम्ही कधीच न ऐकलेल्या एका नावाची कथा वाचा. एकच. आवडली तर नाव वहीत लिहा.

दुसरी जागा संमेलनं. ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला झालं, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याआधी १९५२ सालीही अमळनेरला संमेलन झालं होतं, म्हणजे मध्ये बहात्तर वर्षं गेली. मी तीनही दिवस ग्रंथदालनात काढले, मंडपात फारसा गेलो नाही. गर्दी नेहमीच्या मोठ्या गाळ्यांवर. कडेच्या गाळ्यांवर कवी स्वतः आपला संग्रह घेऊन बसलेले. तिथे उभं राहून दोन कविता वाचल्या तरी कवी विकत घ्याच म्हणत नाही, फक्त तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. बहुतेक वेळा आपण घेतोच.

पुरस्कारांच्या याद्याही वाचा, पण मोठ्या नव्हे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो. त्या यादीत वय कमी आणि आश्चर्य जास्त असतं.

लग्नात वाजलेलं अहिराणी गाणं कोणाचं ते कसं शोधायचं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

गाणं कोटींनी पाहिलं जातं. वरातीत, हळदीत, गणपतीत, ट्रॅक्टरवर वाजतं. पण डीजेवाल्याकडे पोहोचेपर्यंत त्याचं 'रिमिक्स' झालेलं असतं आणि फायलीच्या नावात डीजेचं नाव, गावाचं नाव आणि मोबाइल नंबर, एवढंच उरतं. ज्याने शब्द लिहिले तो गेला कुठे? पूर्वी बसस्टँडवर अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी मिळायच्या. आतल्या कागदावर गायक, गीतकार, ढोलकीवाला, सगळ्यांची नावं बारीक टायपात असायची, भलेही स्पेलिंग चुकलेलं. मग मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं आणि तो कागद संपला.

आता उपाय. एक, गाण्याची ओळ 'अहिराणी' आणि 'अहिरानी' अशी दोन्ही प्रकारे टाकून शोधा. आपले लोक बोलताना 'पानी' म्हणतात आणि लिहितानाही 'न'च टाकतात, त्यामुळे निम्मी गाणी 'ण'ला सापडतच नाहीत. 'खान्देशी' टाकूनही पाहा. दोन, सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला व्हिडिओ मूळ असेलच असं नाही, सगळ्यात जुना शोधा. तीन, व्हिडिओखालचं वर्णन उघडा. 'आणखी'वर दाबल्याशिवाय गीतकार दिसत नाही. पडद्यावर नाचणारा कलाकार, गाणारा आणि लिहिणारा हे तिघं वेगळे असू शकतात. आमच्याकडे लोक नाचणाऱ्यालाच गायक समजतात.

माझ्या एका मित्राने लिहिलेलं हळदीचं गाणं एका लग्नात वाजत होतं. तो पंगतीत बसलेला, शेजारचा माणूस त्यालाच सांगत होता की हे गाणं फार जुनं, पारंपरिक आहे. मित्र जिलेबी खात राहिला. घरी येताना म्हणाला, "चला, जिवंतपणी पारंपरिक झालो."

आणि पारंपरिक गाण्यांचं काय? कानबाई देवीची, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी तर कोणाचीच नसतात.

कोणाची तरी असतातच, आपल्याला नाव ठाऊक नसतं. बहिणाबाईंचंच बघा. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात गायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ती उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. वही नसती तर ती गाणीही 'पारंपरिक' म्हणून चार घरांत राहिली असती आणि मग राहिलीही नसती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर बायका गातात, पुरुषांच्या वही गायनाचा (हा एक लोकगीतप्रकार) फड वेगळा. आखाजीला झोक्यावरची गाणी, भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत मुलींच्या गुलाबाईच्या खेळाची. आमच्या शेजारच्या जिजीला कानबाईची गाणी येतात. चार वर्षांपूर्वी मी मोबाइल घेऊन बसलो. आधी म्हणाली, "माले काय येस?" मग दोन तास थांबली नाही. मध्येच एका गाण्यात तिने एक कडवं घातलं, त्यात तिच्या माहेरच्या विहिरीचं नाव होतं. विचारलं तर म्हणाली, हे माझ्या मायने घातलेलं. झालं, एका कडव्याला कवयित्री सापडली.

तुम्हीही हे करा. पंखा बंद करा, फोन उशीवर ठेवा, टेबलावर नको, कारण टेबल धडधडतं. सुरुवातीला गाणारीचं नाव, माहेर, सासर आणि गाणं कोणाकडून शिकली ते तिच्याच तोंडून बोलवून घ्या. आणि ऑनलाइन टाकायचं असेल तर आधी तिला विचारा. जिजी 'टाक' म्हणाली. दुसरी एक आजी 'नको' म्हणाली, ते माझ्या फोनमध्येच आहे.

नंदुरबारकडच्या आदिवासी लेखनात काय वाचावं?

वाहरू सोनवणेंचा 'गोधड' हा कवितासंग्रह. शहादा भागातले कार्यकर्ते आणि कवी, भिलीतही लिहितात. पुस्तक लहान आहे, पण त्यानंतर सभेत व्यासपीठावर कोण बसलंय आणि खाली कोण, हे तुम्ही मोजायला लागता. ऐकायचं असेल तर होळीच्या आधीच्या दिवसांत सातपुड्यात जा. मोठ्या ढोलाचा आवाज मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

शास्त्रीय संगीत कळत नाही. तरी जाऊ का?

जा. जळगावात दरवर्षी जानेवारीच्या सुमारास बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, चांदोरकर प्रतिष्ठानचा. मला रागाचं नाव आजही पटकन ओळखता येत नाही. पण गायक काय म्हणतोय ते निवेदक सांगतो, तबलजीचं आणि हार्मोनियमवाल्याचं नाव कळतं, आणि घरी आल्यावर त्या तबलजीचं आणखी काही ऐकता येतं. मागची खुर्ची घ्या, शेवटची बस चुकणार नाही.

यूट्यूब सारखं तेच तेच दाखवतं.

तुम्ही तेच तेच ऐकता म्हणून. आपोआप पुढचं गाणं लागायची सोय बंद करा आणि नाव टाकून शोधा. दर आठवड्याला एक नवीन नाव पुरे.

पीडीएफ आहे का?

हा प्रश्न खाली बघून विचारला जातो, म्हणून मी वर बघून उत्तर देतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, बालकवी १९१८ साली. दोघांचंही लेखन आता खुलं आहे. 'श्यामची आई' मराठी विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावर सरळ वाचता येते. गोष्ट कोकणातली, लिहिली १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, आणि लिहिणारा अमळनेरच्या शाळेत शिकवलेला मास्तर. बहिणाबाईंची गाणी मृत्यूनंतर छापली गेली, त्यामुळे तिथे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजायची. तीही संपली.

हयात लेखकांची पीडीएफ मागू नका. आमची वर्गणी दोन चहांच्या आत बसते.

मी स्वतः गाणी लिहितो. नाव राहावं म्हणून काय करू?

रेकॉर्डिंगच्या आधी कागद करा, नंतर नाही. तोंडी सौदा करू नका, नातेवाइकाशी तर मुळीच नको. २०१२ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कोणालाही लिहून देता येत नाही, फक्त वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला देता येतो. गीतकार-संगीतकारांची अशी संस्था म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासूनची. तिथे सभासद होता येतं. आणि गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं आणि गावाचं नाव घाला. आपल्याकडच्या शाहिरांची ही जुनी युक्ती आहे. डीजेने कापलं तरी कोणाकडे तरी पूर्ण गाणं राहतं.

तुमचं पुस्तक छापलेलं असेल तर दोन प्रती आणून द्या, नोंद करून पावती देतो. 'स्थानिक' असं वेगळं कपाट आमच्याकडे नाही. मी ते मुद्दाम मोडलं. तुमचं पुस्तक आडनावाच्या अक्षराप्रमाणे लागेल. 'न' असेल तर नेमाड्यांशेजारी, मग धक्का खायची तयारी ठेवा.

लेखकाला फोन किंवा पत्र चालतं का?

पत्र चालतं, प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा. कोणतं पान आवडलं ते लिहा. 'आपले लेखन अप्रतिम' एवढंच असेल तर पोस्टकार्ड वाया घालवू नका.

वाचनालय कधी उघडं असतं?

सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. सोमवारी बंद. कानबाईच्या सोमवारीही बंद, अर्थात, तेव्हा तर सगळं गाव विसर्जनाला नदीवर असतं. टेबलावर दोरीला बांधलेली पेन्सिल आणि एक लांब वही आहे. तिच्यात पुस्तकाचं किंवा गाण्याचं नाव आणि शेजारी ते करणाऱ्याचं नाव लिहायचं. दुसरा रकाना माहीत नसेल तर मोकळा सोडा. कोणीतरी येऊन भरतं. मागच्या आठवड्यात एका मोकळ्या रकान्यात तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वेगवेगळी नावं होती, आणि तिघंही शनिवारी वाद घालायला येणार आहेत.